‘नऊवर थांबा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लघुउद्योजकांच्या मेळाव्यांत, व्यापारी संघांच्या बैठकांत आणि कन्सल्टंटच्या केबिनमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. माणसं नऊवर थांबवा. दहावा घ्यावाच लागला तर कागदावर घेऊ नका. नेमणूकपत्र देऊ नका, तेच उद्या तुमच्याविरुद्ध कोर्टात येईल. निम्मा पगार बँकेतून द्या, निम्मा रोख. अकरा महिने झाले की ब्रेक द्या. फारच कटकट वाटली तर सगळ्यांना ठेकेदाराच्या नावावर टाका. हा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. आपल्या अशिलाचे चार पैसे वाचावेत असं त्यांना मनापासून वाटत असतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. कामगाराचं त्यात नुकसान आहे हे उघड आहे. पण मालक त्याने जास्त खोल बुडतो, आणि मी हे मालकाच्या बाजूने लिहितो आहे.

आधी त्यांचं म्हणणं पुरतं मांडायला हवं. लहान कारखान्याचा किंवा दुकानाचा मालक स्वतःच खरेदी अधिकारी असतो, स्वतःच वसुली करतो, मशीन बिघडलं तर पाना घेऊन तोच खाली बसतो. मोठी कंपनी त्याचं बिल तीन-तीन महिने अडकवते, पण जीएसटीची तारीख थांबत नाही आणि कॅश क्रेडिटचं व्याजही थांबत नाही. त्यात कामगार कायदे. एका कायद्याला दहा माणसांची मर्यादा, दुसऱ्याला वीस. पीएफचं पोर्टल वेगळं, ईएसआयचं वेगळं. व्यवसायकर वेगळा, कामगार कल्याण निधी वेगळा. एवढं करूनही एखादा अधिकारी दारात येतो आणि रजिस्टरमधली रिकामी ओळ दाखवून पाकिटाची अपेक्षा करतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. खोटा आहे तो यातून काढलेला निष्कर्ष: म्हणून कायद्यापासून लांब राहण्यातच लहान धंद्याचा बचाव आहे.

मुळात कायदा लहानांवर किती येतो ते पाहू. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारे सुमारे १३.१३ कोटी लोक मोजले गेले. म्हणजे एका आस्थापनेमागे सरासरी सव्वादोन माणसं, मालक आणि घरचे धरून. अशांना पीएफ लागू नाही, कारण त्याची मर्यादा वीस आहे. ग्रॅच्युइटीची दहा, प्रसूती लाभाची दहा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमण्याची दहा. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानदाराला नोंदणीतूनच सोडलं. त्याने फक्त धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायचं आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करायचं ठरवलं. तेव्हा कायद्याने सगळ्यात लहान माणसाचा गळा धरलाय, हे गृहीतकच लंगडं आहे.

या मर्यादेबद्दल एक गैरसमज मात्र जोरात पसरला आहे, आणि तो पसरवण्यात ‘नऊवर थांबा’ म्हणणाऱ्यांचा हात मोठा आहे. त्यांच्या बोलण्यावरून मालकाला वाटतं की मर्यादेच्या खाली असलो की आपल्याला कामगार कायदाच नाही. किमान वेतन एका माणसालाही लागू आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणं एका माणसालाही लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्याची बंदी सगळ्यांना आहे. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तीन माणसांच्या वर्कशॉपलाही चुकत नाही. वर्षभर टिकलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनची तरतूद आहे, आणि तिला माणसांच्या संख्येची अट नाही. नऊजणांच्या दुकानातल्या स्त्रीला छळाची तक्रार करायची असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. नऊवर थांबल्याने यातलं काहीही सुटत नाही. आणि दुकाने कायद्याची मर्यादा वीस झाली म्हणून ग्रॅच्युइटीची मर्यादा वीस होत नाही; ते दोन वेगळे कायदे आहेत. बारा माणसांच्या दुकानदाराने ‘आता आपण सुटलो’ असं समजून ग्रॅच्युइटीची तरतूद बंद केली, तर दहा वर्षांनी ती रक्कम एकदम समोर उभी राहणार आहे.

खरं नुकसान होतं ते धंदा वाढतो तेव्हा. ऑर्डर चौदा माणसांची असते, मस्टरवर नऊ असतात, आणि उरलेले पाच कुठेच नसतात. या पाचजणांची हजेरी एखाद्या वहीच्या मागच्या पानावर असते, पगार गल्ल्यातून दिला जातो, त्यावर सही नसते. मालकाला वाटतं, आपण पाचजणांचा खर्च वाचवला. प्रत्यक्षात त्याने पाच उघडी देणी तयार केलेली असतात, ज्यांची रक्कम त्याला ठाऊक नाही आणि तारीखही ठाऊक नाही.

आकड्यांनी बोलू. तेरा हजार रुपये पगाराचा, तीस वर्षांचा कामगार धरा. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ४२२ रुपये ५० पैसे. बारा माणसं असतील तर वर्षाला ६०,८४० रुपये. ही रक्कम लहान नाही, मान्य. आता पॉवर प्रेसवर किंवा वायरिंगच्या आगीत तो कामगार गेला आणि त्याचं नाव ईएसआयमध्ये नाही असं समजा. नुकसानभरपाईचा हिशेब कायद्यातच दिलेला आहे: पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणांक. तीस वर्षांसाठी तो गुणांक २०७.९८ आहे. साडेसहा हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १३ लाख ५१ हजार ८७० रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला पटण्याजोगं कारण नसेल तर दंड वेगळा. ईएसआय भरलं असतं तर हीच जबाबदारी महामंडळाची असती, आणि मालकावर वेगळा दावाच आला नसता. बारा माणसांचा बावीस वर्षांचा ईएसआयचा वाटा एका अपघातात जातो. ‘कटकट नको’ म्हणून सांगणाऱ्या कन्सल्टंटने हा हिशेब मालकासमोर कधी मांडलेला मी पाहिलेला नाही.

आणि अपघात होतात. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना वर्कशॉपमध्ये आग लागली. बळी गेलेल्यांत बहुतेक तिथे काम करणाऱ्या स्त्रिया होत्या. १८ मे २०२५ ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना पेटला आणि आठ जण गेले. त्यांत कारखान्याचे मालक होते, आणि त्यांच्या घरातली माणसंही होती. आपल्याकडे मालक गाळ्याच्या वरच राहतो, त्याची नातवंडं कच्च्या मालाच्या गठ्ठ्यांशेजारी खेळतात. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा ठेवा, वायरिंग तपासून घ्या, या नियमांना ‘कामगारांचे लाड’ म्हणणं किती चुकीचं आहे, हे सोलापूरने इतक्या भयंकर रीतीने दाखवल्यावर तरी ही भाषा थांबायला हवी होती. ती थांबलेली नाही, याची मला चीड आहे.

आता नेमणूकपत्राकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच घातली जाते. ‘लिहून दिलंत की अडकलात.’ हे सांगणाऱ्याने कामगार न्यायालयात एखादं प्रकरण शेवटपर्यंत चालवून पाहावं. आपण अमुक इतके दिवस काम केलं हे दाखवण्याचा पहिला भार कामगारावरच असतो. पण त्याने शपथेवर सांगितलं, मस्टर आणि पगारपत्रक हजर करा असा अर्ज दिला, आणि मालकाकडे दाखवायला काहीच नसलं, की पारडं फिरतं. पगाराच्या बाबतीत तर नव्या कामगार संहितांपैकी वेतन संहितेने शंकाच ठेवलेली नाही. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा आला, तर तो दिला होता हे मालकाने सिद्ध करायचं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि मूळ रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. म्हणजे ज्याने दर महिन्याला सहा हजार रुपये रोख, सहीशिवाय दिले, त्याने ते कायद्याच्या नजरेत दिलेच नाहीत. प्रामाणिकपणे पगार देणारा मालक पुन्हा तोच पगार भरतो, आणि त्याचं कारण कामगाराचा खोटेपणा नसतो. ‘कागद करू नका’ हा सल्ला असतो.

कागद मालकाच्या बाजूने किती बोलतो हे उचलीच्या बाबतीत कुणालाही पटेल. दिवाळीच्या आधी, मुलीच्या लग्नाला, गावाकडे घराचे पत्रे उडाले म्हणून कामगार उचल घेतो. मालक देतो, बहुतेक जण मनापासून देतात. नंतर कामगार गावी जातो आणि परतत नाही, किंवा शेजारच्या कारखान्यात लागतो. ती उचल लिहिलेली असेल, परतफेडीचा हप्ता ठरलेला असेल, पगारातून कापल्याची नोंद पगारपत्रकावर असेल, तर कायदा वसुली मान्य करतो. मर्यादा एवढीच की एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. तोंडी उचल मात्र गेली ती गेली. तसाच राजीनाम्याचा प्रश्न. वेतन संहितेनुसार कामगार सोडून गेला किंवा त्याला काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करायचा आहे. ज्याचं मस्टर, रजेचा हिशेब आणि उचलीची वही रोजच्या रोज लिहिलेली आहे, त्याला हे अर्ध्या तासाचं काम. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचं यावरूनच पहिलं भांडण सुरू होतं.

पगाराचे तुकडे पाडण्याची युक्तीही संपलेली आहे, फक्त ती शिकवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही. मूळ वेतन चार हजार, बाकी सगळं घरभाडं, प्रवास, धुलाई, ‘स्पेशल अलाउन्स’. हेतू एकच: पीएफ आणि ग्रॅच्युइटी चार हजारांवर बसावी. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांनी हा मार्ग व्याख्येतच बंद केला: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात परत येतो. जुने नियम काही काळ चालू राहतील असं केंद्राने सांगितलं आहे, पण व्याख्या आजची आहे. ज्या कन्सल्टंटने पाच वर्षांपूर्वीचा पगाराचा तक्ता अजून बदललेला नाही, त्याच्या भरवशावर मालक दर महिन्याला थकबाकी साठवतो आहे.

‘अकरा महिन्यांचा ब्रेक’ हा तर निव्वळ भ्रम. भाडेकरारातला अकरा महिन्यांचा आकडा कुणीतरी उचलून नोकरीला चिकटवला असावा. औद्योगिक कायद्यात आकडा २४० दिवसांचा आहे, मागच्या बारा महिन्यांतला. रोज येणारा कामगार नऊ-दहा महिन्यांत तो सहज ओलांडतो; नंतर दिलेल्या ब्रेकने काही पुसलं जात नाही. उलट, माणसांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ठरवलेली अनुचित प्रथा आहे, आणि दर अकरा महिन्यांचा तो ब्रेक तिचा पुरावा म्हणून कामी येतो. ज्याला खरोखर हंगामापुरती माणसं हवीत, त्याच्यासाठी आता सरळ रस्ता आहे. मुदतीच्या नेमणुकीला औद्योगिक संबंध संहितेने मान्यता दिली आहे. मुदत संपली की नोकरी संपते, ती कपात मानली जात नाही. बदल्यात त्या काळात कायम माणसाइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या, आणि वर्षभर काम केलं तर ग्रॅच्युइटीही. हे स्वच्छ आहे, लिहून देता येतं आणि न्यायालयात टिकतं. मग खोटा ब्रेक कशाला?

ठेकेदाराची आड आणि दोन नावांच्या दोन फर्म, या दोन युक्त्या एकत्रच निकालात काढतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो. पीएफ आणि ईएसआयचंही तसंच. ठेकेदाराची माणसं वीसच्या मोजणीतही धरली जातात. आणि एकाच गाळ्यात, एकाच वीजमीटरवर, एकाच हिशेबनिसाच्या हातून चालणारी नवऱ्याची एक फर्म आणि बायकोची दुसरी, या दोघींना पीएफचा अधिकारी एकच आस्थापना ठरवू शकतो. मालकी, व्यवस्थापन आणि कामाचा एकमेकांशी संबंध या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या आसपासच घालून दिल्या आहेत. एकदा का असा आदेश निघाला की मागच्या वर्षांची वसुली होते, आणि तिथे मालकाला दोन्ही वाटे स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, कारण कामगाराचा जुना वाटा आताच्या पगारातून कापता येत नाही. वीस माणसं, पंधरा हजार पगार, २४ टक्के: महिन्याला ७२ हजार. तीन वर्षांचे २५ लाख ९२ हजार. त्यावर १२ टक्के व्याज, वर दंडाची रक्कम. वेळेवर भरलं असतं तर यातला निम्मा भार कामगाराच्या पगारातून, त्याच्याच नावावर जमा झाला असता. या एका आदेशाने चांगला चालणारा धंदा बसतो, आणि मग बाहेर सांगितलं जातं की कायद्याने उद्योग बुडाला.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे, म्हणून त्याला टाळून जाणं बरोबर नाही. मालक म्हणतो, ‘मी पीएफ लावायला तयार आहे हो, कामगारालाच नको असतो. तो म्हणतो, हातात द्या.’ हे खरं आहे, मी स्वतः शेकडो तोंडांतून ऐकलं आहे. पण कामगार असं का म्हणतो? कारण आधीच्या ठिकाणी त्याच्या पगारातून पीएफ कापला गेला आणि भरलाच गेला नाही. कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, तरी तो सर्रास होत आला. कारण आधीची नोकरी बदलल्यावर जुने पैसे काढायला त्याला सहा चकरा माराव्या लागल्या. त्याचा अविश्वास अनुभवातून आला आहे, आणि तो अनुभवानेच जाईल. आज त्याचा पीएफचा क्रमांक (यूएएन) त्याच्या हातात असतो, दर महिन्याची जमा मोबाइलवर दिसते. जिथे मालक पहिल्याच महिन्यात कामगाराला पासबुक उघडून दाखवतो, तिथे ‘हातात द्या’ हा आग्रह बहुतेक वेळा ओसरतो. आणि नाही ओसरला तरी कामगाराची संमती मालकाला वाचवत नाही. कायद्याने दिलेला किमान हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे शून्य आहे. ज्याने आनंदाने ‘नको’ म्हटलं, त्याचीच विधवा उद्या पेन्शनची चौकशी करायला येते, आणि तिचं येणं बरोबरच असतं.

माणूस काढण्याबद्दल थोडं. ‘आमच्याकडे घरच्यासारखं असतं’ असं सांगणारे मालक माणूस काढतानाही घरच्यासारखंच वागतात: रागाच्या भरात, सगळ्यांसमोर, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ चोरी झाली असेल, शिवीगाळ झाली असेल, मालकाचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल. पण आरोप लेखी दिला नाही, उत्तर घेतलं नाही, चौकशी केली नाही, तर काढणं टिकत नाही. २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला कामावर परत घेणं आणि मधल्या काळाचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम. प्रकरणं पाच-सात वर्षं चालतात. पगाराचा मीटर त्या सगळ्या काळात चालू असतो. एक आरोपपत्र, एक उत्तर, एका त्रयस्थ माणसाने दोन-तीन बैठकांत घेतलेली चौकशी, यासाठी वकिलांची फौज लागत नाही. चोर कामावर परत आला म्हणून न्यायालयाला नावं ठेवणाऱ्या कित्येक मालकांनी कामगाराला दोन ओळींचं पत्रही दिलेलं नसतं.

स्त्रियांच्या बाबतीत ‘नऊवर थांबा’चा सल्ला सगळ्यात निर्दय होतो. अंतर्गत समिती नेमली की घरात भांडणं लागतील, म्हणून दहावी बाई घेऊ नका, असं सांगितलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी आला. २०२३ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा खेद व्यक्त करावा लागला की इतक्या वर्षांनी त्याची अंमलबजावणी दुबळीच आहे. लहान ठिकाणी छळ कमी होतो असं नाही. तिथे छळ करणारा मालकाचा पुतण्या असतो किंवा सगळ्यात जुना फोरमन असतो, आणि बाईला जायला दुसरं टेबलच नसतं. समिती म्हणजे एक ज्येष्ठ स्त्री अध्यक्ष, दोन सदस्य, एक बाहेरची सदस्य, आणि निम्म्या तरी स्त्रिया. तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. आणि दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, जिथे बाईला काम सुरक्षित वाटतं तिथे ती टिकते. शिलाई, पॅकिंग, लोणची-पापड, असेंब्ली, ज्या कामांत कारागिरी बायकांच्या हातात आहे तिथल्या मालकाला हे कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

राहिला अधिकारी आणि त्याचं पाकीट. लाच मागितली जाते, हे मी नाकारत नाही. पण पाकीट सर्वांत मोठं कोणाकडून निघतं? ज्याच्या मस्टरवर नऊ आणि मशीनवर चौदा माणसं आहेत त्याच्याकडून. लपवलेली माणसं हीच अधिकाऱ्याची खरी कमाई आहे. कागद पुरे असलेला मालक त्याला खुर्ची देतो, रजिस्टर समोर ठेवतो आणि आपल्या कामाला जातो. नव्या संहितेत तर बहुतेक किरकोळ चुकांसाठी खटल्याआधी दुरुस्तीची लेखी संधी द्यायची आहे. ती संधी मुद्दाम लपवणाऱ्याच्या वारंवारच्या चुकांना नाही.

एक गोष्ट मला फार दिवस बोलायची होती. लघुउद्योजकांच्या संघटना गेली कित्येक वर्षं एका कायद्यासाठी लढल्या आणि बरोबर लढल्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मोठ्या खरेदीदाराने लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्याला दात यावेत म्हणून प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. मोठी कंपनी म्हणते, आम्हाला परवडत नाही, आमचं चक्र वेगळं आहे. लहान मालक उत्तर देतो: माल घेतलात, वापरलात, आता वेळेवर पैसे द्या, तुमची अडचण माझ्या माथी मारू नका. हे उत्तर रास्त आहे. पण मग महिनाभर राबून सात तारखेची वाट पाहणाऱ्या कामगारालाही तेच म्हणण्याचा हक्क आहे. त्याने काम आगाऊ देऊन टाकलं आहे, तोही पुरवठादारच आहे. ‘मला परवडत नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाच्या बाबतीत पन्नासच्या दशकातच फेटाळला, आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात तर किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमात मनाई केलेली वेठबिगारी, असं म्हटलं. किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या काळात आलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली १८९० मध्ये. त्यानंतरही मुंबईच्या गिरण्या कैक दशकं चालल्या.

मालकांच्या संघटनांनी दोन कामं ताबडतोब करावीत. जो कन्सल्टंट ‘नऊवर थांबा, रोखीने द्या, ब्रेक द्या’ असं सांगतो, त्याला हाच सल्ला त्याच्या लेटरहेडवर, सहीनिशी द्यायला सांगावं. जो लिहून देणार नाही, त्याची फी देऊ नये. आणि सरकारकडे सवलत मागायची तर ती योग्य जागी मागावी. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो त्या महिन्याच्या आधी जाहीर व्हावा, म्हणजे मालकाला मागचा फरक काढत बसावं लागणार नाही. ईएसआयच्या दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधं असावीत, कारण वर्गणी भरूनही बाहेर पैसे मोजायला लागणारा कामगार पुढच्या महिन्यात ‘कापू नका’ म्हणणारच. आणि २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेचा पगार, जिथे ईएसआय नाही तिथे, एकट्या मालकाच्या माथी असतो. बारा माणसांच्या दुकानाला तो खरोखर जड जातो आणि त्यामुळे तरुण मुलींना नोकरी नाकारली जाते. तो भार सगळ्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या सामाईक निधीवर टाका, अशी मागणी घेऊन संघटना मंत्रालयात गेल्या, तर त्यांच्यासोबत कामगार संघटनाही उभ्या राहतील, आणि मीही जाईन.